मदत हवी आहे : अमेरिकेतल्या दिरासाठी भारतातून दत्तक, खर्च आणि फेऱ्या

नमस्कार मंडळी,

आम्ही गुहागरकडचे. आंबा-काजू, आणि सुट्टीत येणाऱ्यांसाठी घरातल्याच दोन खोल्या. प्रश्न धाकट्या दीर-जावेचा आहे, पण इकडची धावपळ माझ्याच गळ्यात पडणार म्हणून मी विचारतेय.

दोघं न्यू जर्सीत असतात. दीर ४३, जाऊ ४१. दवाखाने सात वर्षं करून झाले, त्याबद्दल लिहीत नाही. आता दत्तक घ्यायचं ठरलंय आणि मूल भारतातलंच हवंय. दीर अमेरिकन नागरिक आहे, जाऊ अजून ग्रीन कार्डवर. एकजण तरी नागरिक झाला हे बरं झालं, कारण हेग करारातल्या (देशादेशांमधल्या दत्तकाचा आंतरराष्ट्रीय करार) दत्तकाचा तिकडचा अर्ज नागरिकालाच करता येतो.

काराची (भारत सरकारची दत्तकाचं काम बघणारी संस्था) मान्यता असलेल्या तिथल्या एका एजन्सीने सगळं धरून तीस ते पस्तीस हजार डॉलर सांगितलेत. आमच्या ह्यांनी गेल्या मोसमातली वाशी बाजाराची पट्टी, म्हणजे आंब्याच्या विक्रीचा हिशोब, घेतली आणि तिच्या पाठीवर गुणाकार केला. तीस लाखांच्या आसपास गेला. पट्टीच्या पुढच्या बाजूला हमाली, तोलाई, भाडं वजा जाऊन आमच्या हाती उरलेली रक्कम होती. दोन्ही बाजू बघून झाल्यावर ते काही न बोलता पाणी लावायला आगरात गेले.

ठरलेल्या फिया त्या मानाने लहान आहेत. भारतातल्या संस्थेला मुलाच्या संगोपन निधीचे ५,००० डॉलर, तिकडच्या इमिग्रेशनच्या अर्जाचे ९२०, मुलाच्या व्हिसाचे ३२५. बाकी सगळं एजन्सी, गृहभेट अहवाल (घरी येऊन पालकांची पाहणी करतात तो), अपोस्टिल (कागद परदेशात चालावेत म्हणून लागणारा सरकारी शिक्का) आणि प्रवास. दीर म्हणतो जमवतो, पण निम्म्याला कर्ज लागेल. सासूबाई म्हणतात रस्त्याकडेची काजूची वाडी विका. मी नको म्हणतेय, आणि माझ्या 'नको'चा अर्थ घरात वेगळा लावला जातोय.

वयाचीही घाई आहे. २०२२च्या नियमांनुसार दोघांचं वय मिळून ८५ पर्यंत असेल तर दोन वर्षांखालचं मूल, ९० पर्यंत असेल तर दोन ते चार वर्षांचं. यांचं आज ८४ आहे. दोघांचे वाढदिवस दिवाळीच्या आगेमागे, म्हणजे दिवाळीनंतर ८६.

प्रवासाचं तर डोक्यातच शिरत नाही. मूल कुठल्याही राज्यातलं मिळू शकतं. काराचं ना-हरकत, मग जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश, मग पासपोर्ट, मग दिल्लीला अमेरिकन वकिलातीत व्हिसा. त्यांनी ना-हरकत आल्यावर येऊन मुलाला पालनपोषणासाठी ताब्यात घ्यावं आणि इथेच थांबावं, की सगळे कागद झाल्यावर एकदाच यावं? जावेला दोन महिने रजा मिळणार नाही. सासूबाईंचं एकच पालुपद, "पोर आधी इकडे आण म्हणावं, देवासमोर ठेव, मग ने खुशाल." रत्नागिरीहून मंगला एक्सप्रेस थेट दिल्लीला, निजामुद्दीनला जाते, म्हणून त्यांना ते सोपं वाटतं.

एक विचारायला लाज वाटते, तरी विचारते. गावातल्या एका ओळखीच्या बाईने सुचवलं की एका मुलीचं बाळंतपण व्हायचंय, घरच्यांना बाळ नकोय, परस्पर घेऊन टाका, लाखभरात काम होईल. असं चालतं का?

प्रतिसाद १

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. अजिबात नाही. असं परस्पर मूल घेणं-देणं गुन्हा आहे, बाल न्याय कायद्याखाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखाचा दंड, किंवा दोन्ही. शिवाय त्या मुलाला अमेरिकेचा व्हिसा कशाच्या जोरावर मिळणार? त्या मुलीला खरंच बाळ सांभाळायचं नसेल तर तिने बाल कल्याण समितीपुढे जावं. तिथे रीतसर ताबा सोडता येतो आणि मन बदललं तर तिला साठ दिवस मिळतात. तुमच्या ओळखीच्या बाई तेवढे दिवस देणार आहेत का, विचारा.

आम्ही सावंतवाडीचे, देशातल्या देशात दत्तक घेतलं. गृहभेटीचे ६,००० आणि संस्थेला ५०,००० रुपये, बाकी गाडीभाडं. पैशाने स्वस्त, पण साडेतीन वर्षं थांबलो. दिराचाही नंबर आपल्या लोकांबरोबरच लागतो, एनआरआय आणि ओसीआय (परदेशी नागरिक झालेले भारतीय वंशाचे कार्डधारक) यांना त्यात मागे ठेवत नाहीत. पण पुढेही ठेवत नाहीत. वाडी विकायची घाई नको ती यासाठी. नोंदणीला लागणारे पैसे आत्ता, मोठे पैसे मूल ठरल्यावर.

प्रतिसाद २

टेक्सासहून लिहितेय, माहेर मालवण. आम्ही यातून गेलोय.

एकदाच या, पासपोर्ट हातात आल्यावर. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाला कायद्यात दोन महिने आहेत, पण ते दोन महिने कधी धरायचे यावर रजा मांडता येत नाही. आम्ही आधी येऊन बसलो आणि नवऱ्याला मधूनच परत जावं लागलं. तिकीट बदलण्यात जे गेले ते कुठल्याच अंदाजपत्रकात नव्हते. दिल्लीत मुलाची वैद्यकीय तपासणी आणि व्हिसा यांत आठवडा धरा.

दिराला दत्तकाच्या टॅक्स क्रेडिटचं, म्हणजे तिकडच्या आयकरातल्या सवलतीचं विचारा. २०२५ साठी एका मुलामागे १७,२८० डॉलरपर्यंत आहे. परदेशातल्या मुलाच्या बाबतीत दत्तक पूर्ण झाल्यावरच मिळतं, म्हणजे आधी खिशातून घालावे लागतात. कर्ज घ्यायचंच तर हे पैसे येतील तेव्हा फेडता येईल असं घ्या. घरी गेल्यावरही दोन वर्षांत सहा अहवाल द्यायचे असतात, त्यांची फी एजन्सीच्या आकड्यात आहे का ते लेखी मागा. आमच्या नव्हती.

आणि सासूबाईंना सांगा, मुलाला गावी आणणं एवढ्यात नको. आमची मुलगी तेव्हा अडीच वर्षांची. पहिले आठ दिवस ती बूट काढू देत नव्हती, झोपेतसुद्धा. तशात सगळं गाव बघायला येणार, आणि मंगलाचा दीड दिवसाचा प्रवास.

धागाकर्ती

दोघांचे खूप आभार. बुटांचं सासूबाईंना वाचून दाखवलं. बराच वेळ फणसाची भाजी चिरत होत्या. मग म्हणाल्या, "पुढच्या मे महिन्यात येऊ दे, पायात काय घालायचं ते घालून."

वाडी आत्ता विकायची नाही असं काल रात्री ठरलं. एजन्सीकडून फियांची लेखी फोड मागवलीय. त्या बाईला नाही म्हणून सांगितलं आणि तालुक्यातल्या अंगणवाडी सेविकेच्या कानावर घातलं, त्या मुलीला भेटणार आहेत. आता एकच : गृहभेट अहवाल दिवाळीआधी पूर्ण होऊन नोंदणी झाली असं न्यू जर्सीत कुणाचं झालंय का? किती आठवडे लागले?