मदत हवी आहे : 'हॅमिल्टन'ची दुसरी बाजू

नमस्कार मंडळी. मी बाल्सा लाकडात जहाजांची मॉडेल्स करतो. सध्या हाताशी अमेरिकी कोस्ट गार्डचं 'हॅमिल्टन' आहे. १९६७ ला सेवेत आलं, २०११ मध्ये निवृत्त झालं आणि त्याच वर्षी फिलिपिन्सच्या नौदलात 'ग्रेगोरिओ देल पिलार' नावानं दाखल झालं. ४४ वर्षांचं हे जहाज तिथं लगेच नौदलाचं मुख्य जहाज बनलं आणि २०१२ च्या एप्रिलमध्ये दक्षिण चिनी समुद्रातल्या वादग्रस्त स्कारबरो शोल या उथळ खडकाळ भागापाशी चिनी जहाजांसमोर उभंही राहिलं. मला या जहाजाचं फार अप्रूप वाटतं.

म्हणून एकाच मॉडेलमध्ये दोन्ही जन्म दाखवायचे आहेत. डावी बाजू पांढरी, नाळेजवळ (पुढच्या टोकापाशी) तिरके लाल-निळे पट्टे, क्रमांक ७१५. उजवी बाजू नौदलाची राखाडी, क्रमांक १५. मूळ जहाज ३७८ फुटी, माझं १:२०० मापात साधारण ५८ सेंटीमीटर. डावी बाजू झाली. मास्किंग टेप काढताना लाल रंगाची कड जराही फाटली नाही, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

अडलंय उजव्या बाजूपाशी. पुढची ७६ मिमीची तोफ तशीच ठेवली, पण मागची फॅलँक्स (जवळ आलेली क्षेपणास्त्रं पाडणारी स्वयंचलित) तोफ अमेरिकेनं जहाज देण्याआधी काढून घेतली. त्या रिकाम्या जागेवर पुढे काय बसवलं? आणि राखाडीची नेमकी छटा कोणती?

मर्चंट नेव्हीतल्या कुणी मनिला किंवा सुबिकला हे जहाज जवळून पाहिलं असेल, तर मागच्या डेकचा फोटो पाठवाल का? धूसर असला तरी चालेल.