नॉरअ‍ॅड्रेनलिन या मेंदूतल्या रासायनिक संदेशवाहकाने काही पेशी चेततात, काही दबतात, असं का?

धुळेकर: उंदराच्या हायपोथॅलॅमसच्या (मेंदूच्या तळाकडचा भाग) पातळ कापात नॉरअ‍ॅड्रेनलिन सोडलं की त्यातल्या पॅराव्हेंट्रिक्युलर केंद्रक या पेशीगटातल्या काही पेशींचं फायरिंग (विद्युत स्पंदनं) वाढतं, काहींचं घटतं. कारण कसं ओळखू?

जळगाव_फार्मा: भाऊ, पेशींवरचे रिसेप्टर (संदेश पकडणारी प्रथिनं) वेगवेगळे आहेत. मस्तिष्कस्तंभातल्या ए१, ए२ या पेशीगटांचे तंतू तिथे नॉरअ‍ॅड्रेनलिन सोडतात. अल्फा-१ रिसेप्टरमुळे पेशी चेतते, अल्फा-२ मुळे दबते. आधी अल्फा-१ अडवणारं प्राझोसिन १ मायक्रोमोलर द्या. वाढ गेली तर ती अल्फा-१ ची. घट अल्फा-२ अडवणाऱ्या योहिंबिनने तपासा.

नंदुरबारी: पेशींची विद्युत स्पंदनं बंद करणारं टेट्रोडोटॉक्सिनही हवंच. बरीचशी चेतना शेजारच्या, ग्लुटामेट हा चेतवणारा संदेशवाहक सोडणाऱ्या पेशींमार्फत येते, ती त्याने थांबते. त्याआधी ‘थेट परिणाम’ लिहू नका!

जळगाव_फार्मा: बरोबर. आणि नॉरअ‍ॅड्रेनलिनचं द्रावण रोज ताजं करा. उजेडात, ऑक्सिजनच्या बुडबुड्यांत ते ऑक्सिडाइज होऊन गुलाबी पडतं. थोडं अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड घाला, बाटलीला फॉइल गुंडाळा. आपल्याकडच्या मे महिन्यात तर बर्फातच ठेवा.