मदत हवी आहे: पावसाळ्यात कॅम्पर ट्रेलरमधली ओल कशी आवरायची?

नमस्कार मंडळी! बडोद्यात दांडिया बाजारातलं घर नव्याने बांधतोय, तोवर आम्ही दोघांनी वाघोडिया रोडच्या प्लॉटवर कॅम्पर ट्रेलरमध्ये (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं छोटं घर) बिऱ्हाड थाटलंय. गळती अजिबात नाही, पण सकाळी पत्र्याला आतून घाम फुटलेला असतो आणि गादी उचलली की खाली प्लायवर काळी बुरशी! गॅसच्या ज्योतीतूनही वाफ निघते, म्हणून स्वयंपाक बाहेर ताडपत्रीखाली हलवला. खिडक्या उघडाव्यात तर बाहेरची हवाच दमट.

गादीखाली लाकडी पट्ट्या ठोकाव्यात का? ओल शोषणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडच्या पुड्या पुरतील, की छोटा डिह्युमिडिफायर (हवेतला दमटपणा काढणारं यंत्र) घ्यावा? इन्व्हर्टरवर चालेल असा कुणी वापरलाय? विश्वामित्री नदीच्या पुराचं, मगरींचं सांगू नका, २०२४ चा ऑगस्ट इथेच काढलाय. प्लॉट उंचावर आहे.