मेलेला माणूस चालेल का? (झॉम्बी आणि विज्ञान: एका मंचावरची चर्चा, प्रत्येकाच्या टोपणनावासह)

रातपाळी
परवा सगळे झोपल्यावर एक झॉम्बीपट लावून बसलो होतो. लेक पाणी प्यायला उठली, दोन मिनिटं उभ्यानेच बघितलं आणि म्हणाली, "बाबा, हे मेलेत ना? मग धापा का टाकतायत?" झालं, माझा सिनेमा तिथेच संपला.

मेल्यावर अंग ताठ का होतं? स्नायूला आखडायला जसं एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन लागतं, तसंच सैल पडायलाही लागतं. श्वास थांबला की ते संपतं आणि स्नायूंचे तंतू आहेत तिथे अडकून बसतात. दोन-चार तासांत जबडा आणि मान, बाराएक तासांत सगळं शरीर. पुढे दीड-दोन दिवसांनी अंग सैल पडतं, पण ते कुजायला लागतं म्हणून.

म्हणजे चालायचं तर एटीपी हवं. त्याला प्राणवायू आणि साखर हवी, ती पोचवायला रक्त हवं, रक्त फिरवायला हृदय. आणि हृदय चालू असेल तर हा बाबा मेलेलाच नाही, छातीत गोळी लागली की पडायला हवा. "फक्त डोक्यात मारा" हे कुठल्या शरीरशास्त्रात बसतं? विषाणू लावा, बुरशी लावा, मेलेला झॉम्बी विज्ञानात नापास.

भुईछत्री
बुरशीला एवढं झटकून टाकू नका. ओफिओकॉर्डिसेप्स नावाची बुरशी सुतारमुंगीच्या अंगात शिरते. थायलंडच्या जंगलात याचा बारकाईने अभ्यास झालाय. उंच झाडावर राहणारी मुंगी खाली येते, जमिनीपासून साधारण 25 सेंटिमीटरवरच्या पानाखाली जाते आणि पानाच्या शिरेला कडकडून चावते. जबडा तिथेच अडकतो. मग तिच्या डोक्यामागून बुरशीचा देठ उगवतो आणि बीजाणू खाली पडतात. 2017 मध्ये तर असं दिसलं, की बुरशी मेंदूत शिरतच नाही, स्नायूंच्या तंतूंभोवती जाळं विणते. चालक जागेवर, स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात! हे झॉम्बी नाही तर काय?

रातपाळी
पण चावेपर्यंत मुंगी जिवंत असते ना? मेल्यावर ती कुठेही जात नाही, पानालाच लटकते. माझाच मुद्दा झाला.

गावचा डॉक्टर
शिवाय ती बुरशी मुंगीच्या एकेका जातीशी लाखो वर्षं जुळवून घेत आलीये. आपलं 37 अंशांचं शरीरच बहुतेक बुरश्यांना सोसत नाही. 2021 मध्ये म्युकरमायकोसिसचे रुग्ण आपण सगळ्यांनी पाहिले. नाकातून डोळ्यापर्यंत, काहींच्या मेंदूपर्यंत बुरशी गेली. कुणी कुणाला चावलं नाही.

खरं उदाहरण हवं असेल तर रेबीज. लाळेतून पसरतो, मेंदूत जातो, कुत्र्याला चावरा करतो. पण चावल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत बहुधा एक ते तीन महिने जातात, कारण विषाणू मज्जातंतूतून सरकत मेंदूकडे जातो. सिनेमात बारा सेकंदांत डोळे पांढरे! मी एक रुग्ण पाहिलाय. तहानेने जीव जात होता आणि पेला ओठाशी आला की गळा आवळायचा. पंख्याचा वाराही सहन होईना. मध्येच भान यायचं, तेव्हा आईला म्हणायचा, "तू लांब बस, तुला लागेल माझं." त्यानंतर मला झॉम्बीपट बघवत नाहीत, ते सोडा.

मालवणी कालवण
आणि जिथून झॉम्बीची गोष्ट आली, तो कॅरिबियनमधला हैती देश? तिथला क्लेर्व्हियस नार्सिस 1962 मध्ये मेला म्हणून पुरला आणि 1980 मध्ये चालत परत आला, मधे त्याला मळ्यात राबवलं, असं सांगतात. वेड डेव्हिस (Wade Davis) या संशोधकाने त्याचं खापर तिथल्या मांत्रिकांच्या पुडीतल्या टेट्रोडोटॉक्सिन या विषावर फोडलं. आमच्याकडे केंड म्हणतात ना, तो फुगणारा मासा, त्याच्या भाईबंदांतलं विष.

गावचा डॉक्टर
त्या पुडीचे नमुने इतरांनी तपासले तेव्हा विष नगण्य निघालं. आणि त्या विषाने माणूस लुळा पडतो, श्वास बंद पडून मरतो. वर्षानुवर्षं मळ्यात राबत नाही.

वेताळटेकडी
तुम्ही सगळे चुकीच्या दारावर धडका मारताय. हैतीच्या झॉम्बीची भीती चावण्याची नव्हतीच. उसाच्या मळ्यात मरेपर्यंत राबलेल्या गुलामांना वाटायचं, मेल्यावरही सुटका नाही, कुणीतरी उठवून पुन्हा कामाला जुंपेल. त्याला विषाणू कशाला हवा? विक्रमाच्या खांद्यावरचं प्रेत गोष्ट सांगतं, कोडं घालतं, राजा बोलला की परत झाडाला जाऊन लटकतं. आजवर कुणी विचारलंय, वेताळाला एटीपी कुठून मिळतं?

वऱ्हाडी ठेचा
आमच्याकडे झॉम्बी मे महिन्यात आले तर काहीच करू नका. माश्या काही तासांत अंडी घालतात, दोन-तीन दिवसांत प्रेत फुगतं, पुढचं अळ्या बघून घेतात. दार लावा, कूलर लावा, आठवडाभर झोपा.

रातपाळी
वेताळटेकडी, तुमचं पटतं, पण अर्धंच. वेताळ परीक्षेला बसलेलाच नाही, त्याला मार्क कोण देणार? ज्या सिनेमात पहिल्या पाच मिनिटांत प्रयोगशाळा दिसते, बाटली फुटते आणि पांढऱ्या कोटातला माणूस "विषाणूने रूप बदललंय" म्हणतो, त्याने स्वतःहून पेपर लिहायला घेतलाय. मग मी लाल पेन काढणारच.

वेताळटेकडी
काढा. पण भीती वाटली की नाही, ते लेकीला विचारा.

रातपाळी
ती पाणी पिऊन झोपली. दिवा मी चालू ठेवला.

गावचा डॉक्टर
चालू द्या. मात्र इथल्या कुणाला कुत्रं चावलंच, तर जखम पंधरा मिनिटं साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवा आणि त्याच दिवशी लस घ्यायला जा. तिथे मतमतांतरं नकोत.