मदत हवी आहे: आईला बेल ऐकू येत नाही, उजेडाची बेल कशी करावी?

नमस्कार मंडळी,

आम्ही कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत राहतो. जुनं दुमजली घर, खाली सोपा, मधलं घर, स्वयंपाकघर आणि मागं परडं. आई ७६ वर्षांची. कान कमी होत होत आता मशीन काढलं की काहीच नाही, आणि रात्री मशीन काढूनच झोपते. मी गोकुळ शिरगावला शिफ्टमध्ये, बायको दवाखान्यात. महिन्यातले आठ-दहा दिवस असे येतात की तिची नाइट आणि माझी सेकंड. मी साडेबाराला पोचेपर्यंत घरात आई एकटी. बाहेरून कुलूप लावून जातो म्हटलं तर चिडते. "आत माणूस असताना बाहेरनं कुलूप लावत्यात व्हय?" त्यामुळं आतून कडी.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री मी पाऊण तास दारात भिजत उभा होतो. कडी वाजवली, दार बडवलं, शेजारचे दोघं उठून आले. फोन लावला तर तो व्हायब्रेशनवर देव्हाऱ्यापाशी पडलेला. शेवटी शेजारचा पोरगा म्हणाला, दारावरच्या जाळीतून बॅटरी मारा. मोबाइलचा उजेड आत टाकला, तो समोरच्या भिंतीवर बाबांच्या फोटोच्या काचेवर पडला. हात हलवला तसा तो तुकडा काचेवर नाचला. दोन मिनिटांत कडी निघाली. आई झोपलेली नव्हतीच! जपमाळ घेऊन कॉटवर बसलेली. "एवढा वेळ कुठं होतास रे? जीव थाऱ्यावर नव्हता माझा." आम्ही दोघं एका दाराच्या दोन बाजूंना एकमेकांची वाट बघत होतो.

तेव्हापासून डोक्यात उजेडाची बेल आहे. आधी मीच खटपट केली. जुनी बेल काढली, तिच्या जागी मधल्या घरात ९ वॅटचा एलईडी बल्ब जोडला. बटण दाबलं की बल्ब लागतो. झकास. पण बटण न दाबतासुद्धा तो रात्रभर मिणमिणतो, मधेच पटकन चमकतो. आई दोनदा उठून दार उघडून बघून आली. रात्री दोन वाजता, एकटी. म्हणजे केलं सोयीसाठी आणि झालं भलतंच.

दुसरं, परड्याच्या बाजूची भिंत ठेंगणी आहे. कुणी उतरलं तर आईला कळावं म्हणून लेसरचा पॉइंटर आणि सेन्सर समोरासमोर लावायचा विचार आहे. आणि उलट बाजूनंही हवंय. ती पडली किंवा घाबरली तर बाहेरच्यांना कळेल असा एखादा दिवा. सीसीटीव्ही सुचवू नका, तो बघणार कोण?

– पेठेतला_एक

करंट_मारुती: भावा, तुझ्या बटणात बारका लाल इंडिकेटर हाय का? मग दोष त्याचाच. तो पेटता ठेवायला जरासा करंट बल्बातनं कायम वाहत असतोय. पिवळ्या बल्बाला त्याचा पत्ताबी लागायचा न्हाई, पण एलईडीच्या आतला कपॅसिटर, म्हंजे करंट साठवणारा बारका भाग, तेवढ्यावर हळूहळू भरतोय, भरला की चमकतोय, पुन्हा भरतोय. बिनइंडिकेटरचं बटण लाव, न्हाईतर एलईडीच्या जोडीला एक जुना झिरोचा बल्ब पॅरलल टाक. पण आपल्याकडचा पाऊस बघता बाहेरच्या ओल्या भिंतीवर २३० व्होल्टचं बटण नकोच. बटण सेलवर चालणारी वायरलेस बेल घे, दिवा लागणारी मिळते. आतला भाग इन्व्हर्टरच्या प्लगवर लाव. लाईट गेल्यावर बेल मुकी झाली तर काय उपयोग?

पेठेतला_एक: मारुतीराव, इंडिकेटर आहे! मीच हौसेनं आणलेला, अंधारात बटण दिसावं म्हणून. वायरलेसचं पटलं, पण आमच्या भिंती दोन फुटी आहेत. सिग्नल जाईल का?

करंट_मारुती: आतला भाग भिंतीआड ठेवू नको, दाराच्या सरळ रेषेत ठेव. आधी हातात धरून घरभर फिर, कुणाला तरी बटण दाबायला लाव. मग जागा ठरव.

इन्स्ट्रुमेंटवाली: लेसरच्या भानगडीत पडू नका, असं माझं मत. शाळेच्या प्रदर्शनात छान दिसतं, परड्यात नाही. पावसाचा थेंब, कोळ्याचं जाळं, दोरीवरचं लुगडं, काहीही मधे आलं की अलार्म. भिंतीचा धक्का लागून पॉइंटर जरा सरकला तरी अलार्म. अंबाबाईच्या किरणोत्सवात मावळतीची किरणं मूर्तीकडे येताना एखाद्या इमारतीचा कोपरा आडवा आला की अडतात, तसंच हे. शिवाय तो पॉइंटर डोळ्यांच्या उंचीवर येता कामा नये.

त्यापेक्षा पीआयआर सेन्सरचा दिवा लावा. माणसाच्या अंगातून जी उष्णता इन्फ्रारेड होऊन बाहेर पडते तिच्यातला बदल तो टिपतो. वरची पांढरी जाळीदार टोपी म्हणजे फ्रेनेल लेन्स. समोरची जागा ती पट्ट्यांमध्ये वाटते. माणूस एका पट्टीतून दुसरीत गेला की सेन्सर जागा होतो. म्हणून तो भिंतीवरून उतरणाऱ्याकडे तोंड करून लावू नका, त्याच्या वाटेला आडवा लावा. सरळ अंगावर चालून येणारा उशिरा कळतो. साध्या सेन्सरचा पल्ला ५ ते ७ मीटर धरा. खिडकीच्या आतून लावू नका, साध्या काचेतून ही उष्णता आरपार जात नाही. एप्रिल-मे मध्ये भिंतच अंगाएवढी तापली की तो जरा मंदावतो, हेही ध्यानात ठेवा. मांजरांचा त्रास असेल तर टोपीचा खालचा भाग आतून काळ्या चिकटपट्टीनं झाका.

आणि एक. दाराचा दिवा आणि परड्याचा दिवा एकाच रंगाचे ठेवू नका. दार वाजलं म्हणून आई उठेल आणि परड्याचं दार उघडेल.

फायरवाला: इमारतींत फायर अलार्म बसवणं हा माझा धंदा, म्हणून लिहितो. दिवा लावला म्हणजे झोपलेला माणूस जागा होईल असं धरून चालू नका. अमेरिकेची एनएफपीए ७२ ही नियमावली झोपायच्या खोलीतल्या अलार्मच्या दिव्याला ११० कॅंडेला (उजेडाच्या तीव्रतेचं माप) मागते, आणि तो छतापासून २४ इंचांच्या आत असेल तर १७७. वर जमणाऱ्या धुरात दिवा मंद दिसतो म्हणून हा फरक. एवढा झगझगीत दिवा असूनही माणूस कूस बदलून भिंतीकडे तोंड करून झोपला तर कठीण. गाढ झोपेसाठी गादीखाली ठेवायचं थरथरणारं पॅड जास्त भरवशाचं. तुमचा दिवा आई जागी असतानाच्या कामाचा.

लुकलुकणारा घेतलात तर सेकंदाला एक-दोन वेळाच. त्याहून जलद नको, काहींना त्यानं फेफरं येऊ शकतं. निळा टाळा. वय झालं की डोळ्याचं भिंग पिवळट होतं आणि निळा उजेड त्यात अडकतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय का?

पेठेतला_एक: एका डोळ्याचं झालंय, दुसऱ्याचं दिवाळीनंतर. निळा बाद.

निवृत्त_सिग्नलमन: साहेब, बाहेरच्या दिव्याबद्दल. इथं कुणीतरी एसओएस ही मदतीची खूण सुचवणारच, म्हणून आधीच सांगतो. तीन आखूड, तीन लांब, तीन आखूड, बरोबर आहे. पण तुमच्या गल्लीत ते वाचणार कोण? डोंगरात अडकलेल्यांची खूण आहे, मिनिटात सहा वेळा दिवा, मग एक मिनिट थांबायचं, परत सहा. उत्तर देणारा मिनिटाला तीन वेळा दाखवतो. तीही घाबरलेल्या म्हातारीला जमायची नाही. तिच्या हाताशी एकच बटण द्या आणि बाहेर एकच पिवळा फिरता दिवा. लाल-निळा नको, लोकांना पोलिसांची गाडी वाटते.

पण माझा मुद्दा वेगळाच आहे. आम्हाला ट्रेनिंगमध्ये हेलिओग्राफची, म्हणजे उन्हाच्या लखलखाटानं निरोप धाडायच्या यंत्राची, गोष्ट सांगायचे. १८६९ मध्ये हेन्री मान्स यांनी तो कराचीत बनवला. आरसा आणि ऊन, बस. सेल नाही, तार नाही, आणि स्वच्छ हवेत पन्नास किलोमीटरवरही लखलखाट दिसायचा. दिव्यानं बोलायचं तर पोच हवी, हे तिथं मनावर ठसलं. समोरच्यानं शब्द मिळाल्याची खूण केल्याशिवाय पुढं सरकायचं नाही. तुमची त्या रात्रीची गोष्ट वाचली. आईला दिवा दिसला की नाही, हे दाराबाहेर तुम्हाला कसं कळणार? पुन्हा पाऊण तास उभे राहाल. पोचेची सोय करा.

करंट_मारुती: काका, एक नंबर! पेठेत तालमीच्या कट्ट्यावर पोरं रात्री एकपर्यंत असत्यातच. पिवळा दिवा कट्ट्यावरनं दिसंल असा लाव आणि पोरांना सांगून ठेव. गणपतीच्या दिवसांत मात्र त्या लेसरच्या झगमगाटात कुणाला दिसायचा न्हाई, तेवढं बघ.

पेठेतला_एक: मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितोय, उशिराबद्दल माफी. वायरलेस बेल बसवली. आतला भाग बाबांच्या फोटोखाली, दाराच्या सरळ रेषेत आहे, आणि पांढरा दिवा पुन्हा त्याच काचेवर चमकतो. परड्यात पीआयआर आडवा लावला, त्याचा आतला दिवा केशरी. पहिल्या चार रात्रींत सहा वेळा लागला, सहाही वेळा बोका. चिकटपट्टीनंतर दोनदाच, तोच बोका, भिंतीवर बसून. पिवळा दिवा माडीच्या गॅलरीत लावून तालमीच्या पोरांना दाखवला. एकानं विचारलं, "काकू उगाच दाबणार न्हाईत न्हवं?" आईनं त्याच संध्याकाळी उगाच दाबून बघितलं. चौघं धावत आले, चहा घेऊन गेले.

पोचेचं मी काही केलं नव्हतं, सुचतच नव्हतं. परवा बेल दाबून उभा राहिलो तर दारावरच्या जाळीत सोप्यातला दिवा दोनदा लागला-विझला. म्हटलं लाईट गेली की काय. मग कडी निघाली. "दोनदा लावला की समज, उठले म्हणून. गुडघे धरत्यात, दारापाशी यायला वेळ लागतोय मला."

राहिलं ते गाढ झोपेचं. फायरवाले, ते थरथरणारं पॅड कापसाच्या जाड गादीतून जाणवतं का? आमची गादी चार इंची आहे, आणि फोमची तिला चालत नाही. कुणी वापरलं असेल तर सांगा, उशीखाली ठेवलं तर चालेल का?