नेत्रावळी–काणकोण: सामानासकट सायकलने, हायवे टाळून तीन दिवस कसे बसवायचे?

चांदरची_पायवाट विचारते:

नमस्कार. जानेवारीत तीन दिवस मोकळे आहेत. मडगावहून निघून केपे, रिवण, नेत्रावळी, तिथून डोंगर ओलांडून काणकोण आणि परत मडगाव असा पूर्ण फेरा करायचा विचार आहे. राष्ट्रीय महामार्ग ६६ आणि विशेषतः करमल घाट नको. सायकल रोडची आहे: गिअर शिमानो सोरा आर३०००, पुढच्या चकत्या ५०-३४ दातांच्या, मागच्या ११-२८, टायर ७००×२८. मागच्या कॅरियरवर दोन पिशव्या, साधारण १२ किलो. तंबू नाही, रात्री छपराखाली काढायच्या आहेत. प्रश्न तीन: नेत्रावळीहून काणकोणात उतरणारा शांत रस्ता कोणता? हे गिअर पुरतील का? वाटेत खाण्यापिण्याचं काय?

---

कुशावतीकाठ यांचे उत्तर:

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण सगळा बेत त्यावर टांगलेला आहे. तुमच्या सायकलने, पिशव्यांसकट नेत्रावळीहून थेट काणकोणात उतरायचं डोक्यातून काढा. वेर्ले, तुडव, साळगिणी हे गाव वर डोंगरात आहेत आणि तिथे जाणारा रस्ता चांगला आहे, पण परत त्याच रस्त्याने खाली यायचं असतं. मोबाइलच्या नकाशात पुढे खोतीगावच्या बाजूला जाणारी रेघ दिसली तर तिला रस्ता समजू नका. दोन्हीकडे अभयारण्य आहे, नेत्रावळीचं २११ चौरस किलोमीटरचं आणि पलीकडे खोतीगावचं. आतल्या पायवाटांवर वन खात्याच्या परवानगीशिवाय शिरता येत नाही. परवानगी मिळाली तरी ७००×२८ टायर आणि १२ किलो सामान घेऊन तिथे सायकल चालवायची नसते, वाहून न्यायची असते.

गोव्याच्या डोंगराळ भागात खरे शांत रस्ते बहुतेक एका तोंडाचे. जो रस्ता आरपार जातो, त्यावर ट्रक आणि पर्यटकांच्या गाड्या आल्याच. म्हणून फेऱ्याचा हट्ट सोडा. एका गावात मुक्काम ठेवा, पिशव्या खोलीवर टाका आणि रिकाम्या सायकलने वरच्या वाड्यांपर्यंत जाऊन या. तीन दिवसांत नेत्रावळी आणि काणकोण दोन्ही कोंबू नका. मी नेत्रावळी निवडेन.

पहिला दिवस: मडगावहून केप्याच्या सरळ रस्त्यावर सकाळी बसगाड्या फार. चांदर–गिरदोलीच्या शेतांमधून या, थोडं लांब पडतं पण सपाट आणि मोकळं आहे. केपे, मग तिळामळचा तिठा. हा तिठा लवकर पार करा, कुडचड्याची सगळी वाहतूक इथे मिसळते. तिथून जांबावली (दामोदराचं देऊळ, कुशावतीच्या काठावर पाणी भरायला आणि टेकायला सोय), मग रिवण. रिवणच्या पुढे चढ-उतार सुरू होतात, मोठे नाहीत पण सलग आहेत. मडगाव ते नेत्रावळी सगळं धरून पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर. सात वाजता उजाडतं, तेव्हाच निघालात तर जेवणाआधी पोचाल. वेळ राहिला तर रिवणच्या आसपास पणसायमळला, कुशावतीच्या पात्रातल्या जांभ्या दगडावर कोरलेली आदिम चित्रं आहेत. ती सकाळच्या तिरप्या उन्हात नीट दिसतात, भर दुपारी कोरीव रेषा हाती लागत नाहीत.

दुसरा दिवस: रिकाम्या सायकलने वेर्ले-तुडवच्या बाजूला. उतरताना दुपार होऊ देऊ नका. परत येऊन गोपीनाथाच्या देवळाजवळची बुडबुड्यांची तळी. टाळी वाजवली की बुडबुडे येतात असं लोक सांगतात. टाळी न वाजवताही येतात.

तिसरा दिवस: आल्या वाटेने परत नको. साळावलीच्या जलाशयाच्या दुसऱ्या अंगाने सांग्याला या. धरण सांग्याजवळच आहे, बदकाच्या चोचीच्या आकाराचा सांडवा बघण्यासारखा. ह्याच पाण्याखाली कुर्डी गाव गेलं, देवळाच्या जागा उन्हाळ्याच्या शेवटी उघड्या पडतात, जानेवारीत दिसणार नाहीत. सांगे ते केपे आणि पुढे मडगाव. म्हणजे फेरा हवाच होता तर तो जलाशयाभोवती मिळतो.

काणकोण वेगळ्या खेपेला ठेवा. बाळ्ळीहून फातर्पा, मग बेतूलच्या बाजूने खोला, आगोंद, चावडी (काणकोणचं मुख्य गाव). करमल घाट पूर्ण टळतो. चढ तिखट आहेत, पण छोटे.

---

मडगाव_टूलकिट यांचे उत्तर:

गिअरचं बोलू. पुढे ३४, मागे २८ या तुमच्या सगळ्यात हलक्या जोडीत पेडलच्या एका फेऱ्याला सायकल साधारण २.६ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे मारले तरी वेग ताशी साडेनऊ किलोमीटरच्या आतच. तुम्ही, सायकल आणि सामान मिळून ९५ किलो धरा. दहा टक्के चढावर हा वेग राखायला अडीचशे वॅटच्या वर ताकद लागते. हौशी माणूस ती पाच-दहा मिनिटं देईल, अर्धा तास नाही. मग फेरे चाळीसवर येतात, गुडघे बोलायला लागतात आणि माणूस उतरून ढकलायला लागतो.

मागे ११-३४ बसवा. त्याच फेऱ्यांत वेग पावणेआठच्या आसपास येतो, ताकद सव्वादोनशेच्या खाली. पिशव्या खोलीवर ठेवल्या तर आणखी तीसेक वॅट वाचतात. कुशावतीकाठ म्हणतात ती रिकाम्या सायकलची गोष्ट हिशेबानेही बरोबर आहे.

पण कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) घेण्याआधी मागच्या डिरेलरचा (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) पिंजरा बघा. सोरा आर३०००चा आखूड पिंजरा ३० दातांपर्यंतच चालतो, ३४ साठी लांब पिंजऱ्याचा लागतो. आणि चेन नवी घ्या, जुनी पुरणार नाही. मोजायची पद्धत: चेन डिरेलरमधून न घालता पुढच्या मोठ्या आणि मागच्या मोठ्या चकतीवरून गुंडाळा, जिथे टोकं भेटतात तिथून दोन कड्या जास्त ठेवा, बाकी तोडा. चेन आखूड राहिली आणि चढावर चुकून मोठी-मोठी जोडी पडली, की डिरेलर ओढला जातो आणि हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा) मोडतो. तो हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा. नेत्रावळीत कुणाकडेही नसणार. एक जादा घेऊनच निघा, पन्नास ग्रॅमसुद्धा नाही.

टायर: फ्रेममध्ये जागा असेल तर ३२ घाला. मागे ७० आणि पुढे ६० पीएसआय पुरे. २८ वर सामान असताना लोक शंभर भरतात, मग कुळागराशेजारच्या (सुपारी-नारळाच्या बागेशेजारच्या) ओल्या वळणावर चाक सरकतं. पावसाळ्यातलं शेवाळ सावलीच्या जागी जानेवारीतही शिल्लक असतं, आणि वर सुकलेली पानं पडली की दिसतच नाही.

ट्यूब प्रेस्टा (बारीक तोंडाच्या) व्हॉल्व्हच्या असतील तर तीन जवळ ठेवा. तिळामळ-सांग्याला सायकलचं दुकान मिळालंच तर २६ इंची आणि साध्या व्हॉल्व्हचा माल असतो. शिवाय: पॅच, सँडपेपर, टायर लिव्हर दोन, चेन टूल, चेनच्याच मापाची क्विक लिंक (चेन जोडायची कडी), मागच्या चाकाच्या उजव्या बाजूच्या मापाचे दोन स्पोक. मोडतो तो तिथलाच, कारण त्या बाजूला ताण जास्त आणि भारही मागे. पण कॅसेट उतरवल्याशिवाय तो स्पोक बसत नाही, हे लोक विसरतात. कॅसेट उतरवायचं (लॉकरिंगचं) टूल नसेल तर दोरीचा आणीबाणीचा स्पोक घ्या. मोडलेला स्पोक शेजारच्याला पिळून अडकवा, मागचा ब्रेक थोडा सैल करा आणि मडगावपर्यंत या.

उतारावर ब्रेक सतत घासत ठेवू नका. रिम तापते, ट्यूबवरचा जुना पॅच सुटतो. वळणाआधी जोरात दाबा, सोडा, रिमला वारा लागू द्या. लाल माती पॅडमध्ये रुतून बसते आणि रिम खाते, रोज संध्याकाळी पॅडवर सँडपेपर फिरवा.

---

चांदरची_पायवाट:

पिंजरा पाहिला, लांब आहे. म्हणजे कॅसेट आणि चेनच. खाण्याचं अजून कुणी बोललं नाही!

---

गाड्यावरचा_पाव यांचे उत्तर:

वेळेचं गणित सांभाळलंत तर उपाशी राहणार नाही. आतल्या गावांत भाजी-पावाचं छोटं हॉटेल सकाळी चालू असतं, अकराच्या पुढे बहुधा पातळभाजी संपलेली. दुपारी एक ते चार दुकानं बंद, अगदी शीतपेयाची बाटलीसुद्धा मिळत नाही. म्हणून केपे किंवा तिळामळला चार उंडे (गोल पाव), केळी आणि शेंगदाण्याचे लाडू बांधून घ्या. नेत्रावळीत घरगुती मुक्कामाच्या जागा आहेत, पण जेवण आदल्या दिवशी फोन करून सांगायचं असतं. आयत्या वेळी गेलात तर त्यांना बाजाराला सांग्यापर्यंत जावं लागतं. वेर्ल्याला जाताना तीन लिटर पाणी खालूनच भरा. रोख पैसे सुट्टे ठेवा, डोंगराआड मोबाइलची रेंज जाते आणि यूपीआय तिथेच अडतं.

शनिवार-रविवार टाळता आला तर टाळा. सावरीच्या धबधब्याला येणाऱ्या भाड्याच्या गाड्या वळणावर आपली बाजू सोडून येतात. जानेवारीत धबधब्याला पाणी कमी, तरी येतात.

---

वाळपयकार यांचे उत्तर:

बाब, दक्षिणेचं छान सांगितलंय सगळ्यांनी, पण उत्तरेला सत्तरी तालुका आहे हेही कुणी तरी सांगायला हवं. जुन्या गोव्याहून फेरीबोटीने दिवाडी, दिवाडीच्या दुसऱ्या टोकाहून पुन्हा फेरीबोटीने नारवे (शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये जीर्णोद्धार केलेलं सप्तकोटेश्वराचं देऊळ), मग डिचोली, साखळी, वाळपई. वाळपईत मुक्काम करून ठाणे, चरावणे, हिवरे या बाजूला रिकाम्या सायकलने जाऊन यायचं. डिचोलीच्या आसपास खनिजाचे ट्रक लागतात, तो पट्टा सकाळीच संपवा. चोर्ला घाट चढायला सुंदर आहे, पण बेळगावची वाहतूक बघता फक्त आठवड्याच्या मधल्या दिवशी, पहाटे.

एक गोष्ट गंभीरपणे. सत्तरीत माकडतापाच्या लागणी झालेल्या आहेत. तो गोचिडीच्या चाव्याने पसरतो आणि हंगाम साधारण डिसेंबर ते मे. पाल्यापाचोळ्यावर बसू नका, सायकल झुडपात आडवी टाकू नका, लघवीला रानात शिरू नका. संध्याकाळी गुडघ्यामागे, काखेत, मोज्याच्या काठाखाली तपासा. गोचीड दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. तेल, चुना, विडीचा चटका काही लावू नका. पुढच्या दहा-बारा दिवसांत ताप, डोकेदुखी, अंगदुखी आली तर डॉक्टरला रानात फिरल्याचं आपणहून सांगा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, आरोग्य केंद्राला कळवा. नेत्रावळीतही हीच सवय ठेवा, नुकसान काही नाही.

---

कुशावतीकाठ:

माकडतापाचं लिहिलंत ते बरं केलं. चांदरची_पायवाट, दोन बारीक गोष्टी राहिल्या. सांग्याकडून परतताना कुडचडे-सावर्ड्याच्या बाजूला ओढल्या जाऊ नका, नकाशा तो रस्ता जवळचा म्हणून सुचवतो. आणि संध्याकाळी सहानंतर सायकलवर राहू नका: सव्वासहाच्या सुमारास दिवस मावळतो, मग गुरं तापलेल्या डांबरावर येऊन बसतात, काळ्या म्हशी तर दिव्यातही उशिरा दिसतात. गावाच्या तोंडाशी रंबलर (वेग कमी करायला लावणारे आडवे उंचवटे) असतात, त्यांवरचा पांढरा रंग बऱ्याच ठिकाणी उडालेला आहे. उतारावर भरल्या पिशव्यांसकट त्यांवर आदळलात तर कॅरियरचा खालचा बोल्ट सैल होतो, तो रोज सकाळी आवळून निघा.