दर्यापूरवरून चिखलदरा-सेमाडोह एका दिवसात, फोर बाय फोर घेऊन. कोणता रस्ता धरू?

काळीमाती_दर्यापूर:
राजेहो, नमस्कार. सेकंडहँड थार घेतली, आता घरी सगळे मागे लागून राहिले का कुठंतरी घेऊन चाल. बाबा, आई आणि भाची येणार. सकाळी दर्यापूरवरून निघून अंजनगाव, परतवाडा, मग वर जंगलातून फिरून रात्री जेवायला घरी असा विचार आहे. आधी चिखलदरा करून सेमाडोहकडं उतरू का उलटं जाऊ? आणि दुसरं म्हणजे गाडी फोर बाय फोर हाय तर एखादा कच्चा जंगलातला रस्ता, नाला बिला पार कराचा असा सांगा ना, भाचीला व्हिडिओ काढायचा हाय. पाऊस थोडा कमी झाला की जाऊन पाहू म्हणतो. आईला घाटात मळमळते ते पण ध्यानात ठेवजा.

घाटवळण:
आधी एक पाहून घे भाऊ, गिअरच्या बाजूला दुसरी छोटी लिव्हर आहे का? फक्त मागच्या चाकांवर चालणारी थार पण मिळते आजकाल, आणि सेकंडहँडमध्ये विकणारा काय काय बोलते ते आपल्याला माहीत आहेच.

काळीमाती_दर्यापूर:
हाव, आहे लिव्हर. टू एच (फक्त मागची चाकं), फोर एच (चारही चाकं), फोर एल (चारही चाकं, हळू पण जास्त जोर) सगळं लिहून हाय त्याच्यावर.

परतवाड्याचा_चहा:
मग ऐक. उलटं जा. म्हणजे परतवाड्यावरून धारणी रोड धर, घटांग, मग सेमाडोह, तिथून वर चिखलदरा आणि उतरताना धामणगाव गढीवरून परत परतवाडा. काऊन सांगतो, सकाळी सकाळी घटांगच्या पुढं जंगल जागं असते, रस्त्यावर गर्दी नसते, आणि आईचं पोट पण सकाळी ठीक राहते. संध्याकाळी थकल्यावर जो घाट उतराचा तो चिखलदऱ्याचा नेहमीचा, वाहता रस्ता, काही झालं तरी मागून पुढून कोणी ना कोणी येतेच. जंगलातला भाग अंधार पडाच्या आत संपला पायजे, रानगवा रस्त्यावर उभा राहिला तर तो हॉर्नले भीत नाही, तुम्हीच थांबाचं, लाइट कमी कराचे आणि तो जाईपर्यंत गप बसाचं.

डिझेल परतवाड्यातच फुल कर. घटांगच्या पुढं मोबाइलची रेंज येते जाते, त्यामुळं घरी आधीच सांगून ठेव का फोन लागणार नाही, नाहीतर मावशी काका सगळे घाबरतात. वेळ उरला तर सेमाडोहवरून थोडं पुढं कोलकासपर्यंत जाऊन ये, सिपना नदी तिथं वळणं घेत जाते, बाबाले तिथं बसून राहावं वाटन. सेमाडोह-चिखलदरा हा रस्ता मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जाते, नाक्यावर नोंद करतील, जे विचारलं ते सरळ सांगाचं. मध्येच गाडी थांबवून खाली उतरून फोटो नाही कराचे.

वर चिखलदऱ्याले भीमकुंड आणि देवी पॉइंट दोनच कर, देवी पॉइंटला खडकातून पाणी ठिबकत राहते, आईला आवडन. सगळे पॉइंट कराले गेलास तर पॉइंट पॉइंट करता करता दिवस जाते आणि हाती पार्किंगच्या पावत्या राहतात. रबडी खा, खवा बांधून घे. आणि महाराष्ट्रात कॉफी पिकते ती इथंच, ती पण एकदा पिऊन पाहा.

डिफरन्शियल:
रस्त्याचं वरच्या भाऊंनी सांगितलं, मी गाडीचं सांगतो कारण प्रश्नात "फोर बाय फोर आहे तर" असं लिहिलंय आणि तिथंच गडबड होते. तुम्ही जो गोल सांगताय तो सगळा डांबरी आहे, त्याच्यावर टू एच मध्येच चालवा. थार, जिम्नी, जुनी जिप्सी या सगळ्यांचं फोर व्हील पार्टटाइम आहे, म्हणजे गरजेपुरतंच लावायचं, पुढच्या मागच्या अॅक्सलच्या मध्ये डिफरन्शियल (दोघांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारे गिअर) नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, मातीवर ती थोडी घसरून तो फरक काढून टाकतात पण कोरड्या डांबरावर घसरायला जागा नसते, मग सगळा ताण ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) आणि शाफ्टवर येतो, स्टिअरिंग जड होतं, लिव्हर अडकते. घाटात वळणं किती आहेत बघा आणि हिशेब करा.

उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसू नका, ज्या गिअरमध्ये चढला त्याच गिअरमध्ये किंवा एक खालच्या गिअरमध्ये उतरा, इंजिन धरून ठेवतं. सतत ब्रेक दाबला की ब्रेक तापून पकड सोडतात, वास आला तर थांबून गार होऊ द्या. चढणाऱ्या गाडीला आधी जागा द्यायची. एसटी समोर आली तर वाद नको, ड्रायव्हरला तो घाट तुमच्यापेक्षा जास्त पाठ आहे.

आता नाल्याचं. रपट्यावरून (नाल्यावरचा बुटका पूल) पाणी वाहत असेल आणि खालचा रस्ता दिसत नसेल तर थांबायचं, परत फिरायचं, फोर बाय फोर असो नाहीतर ट्रक. वाहतं पाणी गाडीला खालून उचलतं, चाकावरचं वजनच गेलं तर चारही चाकं फिरून उपयोग काय. वर पाऊस पडून खाली ऊन असतानाही सिपना, खापरा या नद्यांना पाणी वाढतं.

वनखात्याचा_शेजारी:
जंगलातला कच्चा रस्ता कोणी सांगितला तरी जाऊ नका प्लीज. मेळघाट हा १९७३ ला सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ जंगलांपैकी एक आहे, तिथं चाकोरी दिसली म्हणून गाडी घालायची नसते, ती गस्तीची असते. वन्यजीव कायदा लागतो, गाडी जप्त होऊ शकते. जंगल आतून पाहायचंच असेल तर सफारी घ्या, परवाना आणि गाइडसोबत. पावसाळ्यात बरेच गेट बंद असतात, त्यामुळं निघायच्या आधी विचारून घ्या.

रस्त्याच्या कडेला कोरकू लोकांची गावं लागतील. गावातून हळू जा, चिखल उडवू नका, आणि गाडीतून पोरांना चॉकलेटं फेकणं तर बिलकुल नको. लोकं घरासमोर बसलेली असतात, त्यांचे विचारल्याशिवाय व्हिडिओ काढायचे नाहीत, भाचीला सांगा.

गाविलगड_वेडा:
ऑफरोडची एवढी हौस आहे तर चिखलदऱ्याजवळच्या गाविलगड किल्ल्यावर चढून जा की, पायी. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांनी किल्ला घेतला तेव्हा कर्नल स्टीव्हन्सनच्या पलटणीनं एलिचपूरकडून (आजचं अचलपूर) डोंगरातून सुमारे ३० मैल वळसा घेतला, किल्ल्याच्या उत्तर बाजूला यायला. रस्ताच नव्हता, आधी शिपायांनी रस्ता केला आणि मग जड तोफा हातानं ओढत नेल्या. १५ तारखेला किल्ला पडला. महिना संपायच्या आत शिंद्यांनी तह केला तो आपल्याच अंजनगाव सुर्जीत, तुम्ही सकाळी ज्या गावातून जाणार आहात तिथंच. बाबांना इतिहास आवडत असेल तर हे गाडीत सांगा, वेळ जाईल. पावसात किल्ल्यावर दगड निसरडे असतात, आईला खाली चहाला बसवा.

काळीमाती_दर्यापूर:
लय भारी माहिती दिली सगळ्यांनी. जंगलातलं कॅन्सल. पण मग ही फोर एल वापराची कुठं? एवढे पैसे देऊन घेतली बे.

डिफरन्शियल:
तुमचं नाव काळीमाती आणि मला विचारता होय! दर्यापूरपेक्षा चांगली जागा अख्ख्या सातपुड्यात नाही मिळणार. डोंगरात मुरूम आणि दगड असतो, पाणी निचरून जातं, चाक धरतं. काळी माती पाणी पिऊन फुगते, टायरच्या खाचा भरून टाकते आणि टायर गुळगुळीत होऊन जातो, मग महागाची गाडी पण शेणाच्या पोह्यासारखी जागेवर बसते. पाऊस पडून एक-दोन दिवस ऊन पडलं की आपल्याच शेताच्या पांदण रस्त्यावर जा. फोर एल, दुसरा गिअर, क्लच पूर्ण सोडलेला, अॅक्सिलरेटर एकसारखा, मधेच थांबायचं नाही. चाक जागेवर फिरायला लागलं तर रेस करू नका, खड्डा होतो, उलट मागं घ्या ज्या चाकोरीनं आलात त्याच चाकोरीनं. टायरची हवा २२-२४ पीएसआयपर्यंत कमी केली तर टायर पसरतो, पकड वाढते, पण डांबरावर यायच्या आधी परत भरायची, छोटा कॉम्प्रेसर सोबत ठेवा. दोरी आणि शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरचा नंबर दोन्ही पाहिजेत.

परतवाड्याचा_चहा:
ट्रॅक्टरवाल्याले आधीच चहा पाजून ठेव, नंतर तो भाव लावते.

काळीमाती_दर्यापूर:
हाहा. बाबांचाच ट्रॅक्टर हाय, ते तर वाटच पाहून राहिले मी फसतो कधी. आईच्या मळमळीचं कोणी सांगा ना, आणि शनिवारी निघू का रविवारी?

घाटवळण:
आईला समोरच्या सीटवर बसव, काच थोडी उघडी, निघताना पोटभर नाश्ता नाही, पोळी-चटणी थोडी थोडी. आणि शनिवार-रविवार दोन्ही नको, चिखलदऱ्यात धुकं पडलं की अख्खं अमरावती वर येते, भीमकुंडापाशी गाडी वळवाले जागा नसते. बुधवारी सुट्टी टाक.